आवाज तेवढा वेगळा काढा

ती आमच्या ऑफिसात आली तेव्हा मला आनंद झाला होता. हे आज सांगताना माझा मलाच राग येतो.

नोएडातल्या त्या ऑफिसात मी एकटी मराठी होते. लोकांनी बोलून ठेवलेलं ऐकायचं आणि टाइप करायचं, हे आमचं काम. परदेशातल्या डॉक्टरांचे, वकिलांचे, कुठल्या कुठल्या संशोधकांचे आवाज दिवसभर कानात. काचेची नवी इमारत, आत एसी, आणि खिडकीतून खाली पाहिलं की अर्धवट बांधलेले टॉवर आणि रिकाम्या प्लॉटवर चरणाऱ्या म्हशी. मी गाझियाबादजवळच्या वैशालीहून दोन शेअर ऑटो बदलून यायचे. नवऱ्याच्या आणि माझ्या पगारावर आम्ही तिथे फ्लॅट घेतला होता, त्याचे हप्ते चालू होते, त्यामुळे नोकरी आवडते की नाही हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता.

मग कंपनीला मराठीचं काम मिळालं. मराठवाड्यातली एक संस्था गावोगावच्या बायकांशी बोलून त्यांच्या मुलाखती रेकॉर्ड करत होती. त्या जशाच्या तशा टाइप करायच्या आणि त्यांचं इंग्रजी करायचं. मला मराठी येतं म्हणून ते माझ्याकडे आलं, आणि या कामावर लक्ष ठेवायला कंपनीने एक टीम लीडर नेमली. ती पुण्याची. नवऱ्याची गुडगावला बदली झाली म्हणून नुकतीच इकडे आलेली. माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठी असेल.

मी उठून तिच्या टेबलापाशी गेले. म्हटलं, "चलो, बरं झालं तुम्ही आलात. मी तर बिल्कुल एकटी पडले होते इथे."

तिने माझ्याकडे पाहिलं, छान हसली, आणि विचारलं, "तुम्ही मराठी आहात, की मराठी येतं?"

मला आधी कळलंच नाही. मी सांगितलं की आम्ही दिल्लीतल्याच आर. के. पुरमचे. वडील केंद्र सरकारात होते, सगळं लहानपण सरकारी क्वार्टरमध्ये गेलं. खाली केरळचे, समोर बंगाली, जिन्यात हिंदी आणि दार लावलं की मराठी. ती म्हणाली, "हां, मग बरोबर. तसंच वाटलं." आणि कॉम्प्युटरकडे वळली.

तिथून सुरुवात झाली. ती कधी ओरडली नाही. ओरडली असती तर मी उलट ओरडले असते. मी एकदा उशिरा आले आणि म्हटलं, "रस्त्यात खूप भीड होती." ती सगळ्यांसमोर म्हणाली, "भीड म्हणजे संकोच हो. तुम्हाला गर्दी म्हणायचंय." बाजूच्या टेबलावरच्या मुलींना मराठी कळत नव्हतं, तरी त्या हसल्या, कारण ती हसण्यासारखं बोलली होती. डब्यातल्या भाजीला मी सब्जी म्हटलं की ती मान हलवायची. आई-वडिलांनी घरात जी भाषा दिली, तिच्यात काही कमी आहे हे मला तिशी ओलांडल्यावर, पोळी-भाजीच्या डब्यावरून कळत होतं.

आणि कामातही तेच. मुलाखतीतल्या बायका बोलायच्या ते मी जसं ऐकू येईल तसं टाइप करायचे. 'न्हाई', 'व्हय', 'त्येनी'. संस्थेने लेखी कळवलं होतं की बोलणं आहे तसंच हवं. ती त्यावर पिवळा रंग मारून परत पाठवायची. 'नाही', 'होय', 'त्यांनी'. एका बाईने 'माळवं' म्हटलं होतं, मी 'माळवं' लिहिलं. तिने खोडून 'मळा' केलं.

मी म्हटलं, "मॅडम, तिनं माळवं म्हटलंय. मी तीनदा ऐकलं."

"म्हणजे काय?"

"ते मला माहीत नाही. पण ती ते म्हणाली."

"अर्थ माहीत नाही आणि शब्द मात्र बरोबर, असं कसं?"

संस्थेतून पानं परत आली तेव्हा 'मळा'वर काट मारून कोणीतरी 'माळवं, म्हणजे भाजीपाला' असं लिहिलं होतं. ते पान मी तिच्या टेबलावर उघडं ठेवलं. मुद्दामच. त्या दिवसानंतर तिने माझ्याशी कामाव्यतिरिक्त बोलणं सोडलं, आणि मला त्याचं समाधान वाटलं. आमच्यात आता निदान ढोंग तरी उरलं नव्हतं.

तोपर्यंत संस्थेकडून नुसते आवाज यायचे. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा व्हिडिओ आले, कुरियरने, एका डिस्कवर. आमचं टाइप करायचं सॉफ्टवेअर फार जुनं होतं. कंपनीने इमारत नवी घेतली होती, पण सॉफ्टवेअर बदललं नव्हतं. टेबलाखाली शिलाई मशीनसारखं एक पेडल असायचं. दाबलं की आवाज सुरू, सोडलं की बंद, टाच टेकवली की बोलणं थोडं मागे जायचं. ते पेडल व्हिडिओवर चालत नसे. त्याला जुन्या पद्धतीची वेव्ह फाइलच लागायची, फक्त आवाजाची, बोजड, बाकी जगाने कधीच मागे टाकलेली. व्हिडिओतून तशी फाइल काढून देणारा आमचा एकच माणूस होता. तो ओखल्याच्या ऑफिसात बसायचा आणि घरच्या लग्नासाठी गावी गेला होता.

मी तिला जाऊन सांगितलं.

"मग थांबणार का आपण त्याच्या घरचं लग्न होईपर्यंत?" ती म्हणाली. "ऑनलाइन होतं हे सगळं. फुकट साइट्स आहेत. व्हिडिओ टाका आणि आवाज तेवढा वेगळा काढा."

"पण मॅडम, या बायकांच्या घरातल्या गोष्टी आहेत. संस्थेनं सांगितलंय, कुठे बाहेर जाता कामा नयेत. अशा कुठल्या तरी साइटवर..."

"सगळे वापरतात."

"फाइलचं नाव तरी बदलते. त्यावर गावाचं नाव आहे, बाईचंही आहे."

"नाव बदललं की त्यांच्या यादीशी जुळणार नाही. मग परत तुमचाच घोळ निस्तरत मी बसायचं. आहे त्या नावानं करा. आणि स्वतःचा ईमेल देऊ नका, ऑफिसचा द्या."

हे बोलणं तिच्या टेबलापाशी उभं राहून झालं. आजूबाजूला कोणाला मराठी येत नव्हतं.

मी करायला बसले. त्या साइटवर डावीकडे वजन कमी करण्याची जाहिरात लुकलुकत होती आणि उजवीकडे कुठल्याशा लॉटरीची. मधे एक निळं बटण. फुकटात एका वेळी ठरावीक आकाराचीच फाइल घेत होते, म्हणून मी आधी व्हिडिओचे चार तुकडे केले. पहिला तुकडा चढवला. नेट मधेच जायचं, चढलेलं सगळं पाण्यात, पुन्हा पहिल्यापासून. एकदाचा तो चढला, रूपांतर झालं, वेव्ह फाइल उतरली. मग दुसरा तुकडा चढवताना बटणाच्या खाली, अगदी बारीक अक्षरात, एक ओळ दिसली. ही फाइल सर्वांना दिसू द्या. त्यापुढचा चौकोन त्यांनी आधीच टिक करून ठेवला होता.

मी टिक काढली. दुसरा, तिसरा, चौथा भाग तसाच केला. पण पहिला गेला होता. साइटच्या 'नुकत्याच झालेल्या फाइली' या पानावर तो मला दिसला. गावाचं नाव, बाईचं नाव, भाग पहिला, आणि खाली आमच्या कंपनीचं नाव, कारण ईमेल कंपनीचा. बाजूला ऐकायचं बटण. काढून टाकायची सोय कुठेच नव्हती.

मी पुन्हा तिच्याकडे गेले. सगळं सांगितलं.

तिने एक क्षणभर स्क्रीनवरून डोळे उचलले. "कोण बघतंय?" म्हणाली.

मी साइटवाल्यांना पत्र लिहिलं की फाइल काढा. उत्तर आलं नाही. पुन्हा लिहिलं. मग त्या मुलाखतीचंच काम हातात होतं, ते करत बसले.

त्या बाईला व्हिडिओत पाठमोरी बसवलं होतं, चेहरा दिसू नये म्हणून. भिंत, कोपऱ्यात एक कणगी, आणि डोक्यावरून पदर घेतलेली पाठ. एवढी काळजी घेतली होती त्यांनी, आणि मग फाइलला तिचंच नाव दिलं होतं. त्यांच्यावरही मी चिडले. पण पेडल दाबलं आणि तिचा आवाज सुरू झाला की राग विसरायला व्हायचं.

ती विधवा होती. घर मोठ्या दिराच्या हातात. नवरा गेल्यावर दिराने आणि जावेने चुलीच्या खोलीला कुलूप लावायला सुरुवात केली होती. हिने वेळेला यायचं, वाढतील ते खायचं. "म्या काय चोर हाय व्हय?" ती विचारायची, कॅमेऱ्यामागच्या बाईला. "नवऱ्याचं रान ह्येच करत्यात, त्येचीच ज्वारी, अन् मलाच कुलूप?" शेतात काम करताना ती कणसं भाजून खायची, घरी मागायला लागू नये म्हणून. हे पहिल्या भागात.

तिसऱ्या भागात तिचा आवाज खाली गेला. मला टाच टेकवून पुन्हा पुन्हा मागे जावं लागलं. तिची एक मुलगी होती, सातवीतली. दिराने तिचं लग्न ठरवत आणलं होतं. आणि ही बाई संस्थेतल्या बायकांच्या मदतीने तिला गुपचूप दूरच्या एका वसतिगृहात पाठवायच्या तयारीत होती. कधी, कुणाबरोबर, कुठल्या गाडीने, सगळं तिने सांगितलं होतं. "कुणाला सांगू नगासा," ती म्हणाली. कॅमेऱ्यामागची म्हणाली, "नाही हो मावशी, कुठे जातंय हे." मी ते दोन्ही टाइप केलं.

काही आठवड्यांनी, जेवणाच्या सुट्टीनंतर, रिसेप्शनवरून फोन आला की कोणी मुलगा आलाय आणि मराठीत ओरडतोय. मला खाली बोलावलं.

वीस-बावीस वर्षांचा, शर्ट खोचलेला, हातात कोचिंग क्लासची पिशवी. करोल बागेच्या बाजूला राहून तो सरकारी सेवेच्या परीक्षेची तयारी करत होता. मी मराठी बोलले तसा त्याचा आवाज जरा उतरला. "ताई, तुम्ही सांगा मला. माझ्या चुलतीचा आवाज तुमच्या कंपनीच्या नावानं इंटरनेटवर कसा?"

सायबर कॅफेत बसून त्याने सहज गावाचं नाव शोधलं होतं. त्या वर्षांत सगळेच असं करायचे, आपलं गाव कॉम्प्युटरमध्ये आहे का ते बघायचे. त्याला गावाऐवजी ही फाइल सापडली. त्याने ऐकली. तो त्या दिराचा मुलगा होता.

 पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की याला सगळं माफ, याचा हक्कच आहे रागावायचा. मी माफी मागितली. म्हटलं, चूक आमची आहे, तुमच्या चुलतीचा काही दोष नाही. तो म्हणाला, "तिचाच दोष आहे. घरातलं बाहेर सांगायचं काम काय होतं तिला?"

तिथे माझी माफी संपली.

मॅनेजरने आम्हा सगळ्यांना काचेच्या खोलीत बसवलं. मॅनेजर गाझियाबादचा, भला माणूस, पण कुठल्याही भांडणात त्याला एकच भीती असायची, पोलिसांची. त्याने मुलाला कोल्ड ड्रिंक मागवलं. टीम लीडर आली, मुलाच्या समोर बसली, आणि इतक्या गोड मराठीत त्याची चौकशी केली की तो सरळ होऊन बसला. मग मॅनेजरने विचारलं, "ये अपलोड किसने किया?"

ती म्हणाली, "इन्होंने." आणि माझ्याकडे हात केला.

मी म्हटलं, "इन्होंने बोला था." मग मराठीत तिला म्हटलं, "तुम्ही सांगितलंत मला. तुमच्या टेबलापाशी. आवाज तेवढा वेगळा काढा, असं म्हणालात."

"मी म्हटलं काहीतरी मार्ग काढा. चोरबाजारात नेऊन टाका असं नाही म्हटलं."

"फाइल लिस्टवर गेली तेव्हाही सांगितलं होतं. कोण बघतंय म्हणालात."

"मला असं काही आठवत नाही," ती म्हणाली, आणि त्या मुलाकडे पाहून खांदे उडवले, जणू घरातल्या नाठाळ मोलकरणीबद्दल पाहुण्यासमोर दिलगिरी व्यक्त करावी तसे.

मी त्या क्षणी तिच्या अंगावर कोल्ड ड्रिंकचा ग्लास फेकला नाही, याचं कारण एवढंच की तो मुलगा बोलायला लागला. त्याला आमच्या भांडणात काही रस नव्हता. तो म्हणाला, "फाइलवर भाग पहिला लिहिलंय. म्हणजे पुढचेही आहेत. ते मला पाहिजेत. तिनं आणखी काय काय सांगितलंय ते आमच्या घरच्यांना कळायला पाहिजे. लिहिलेलं द्या आणि आवाजही द्या. मग मी जातो. नाहीतर आत्ता पोलीस चौकीत जातो."

मॅनेजरला मी हिंदीत अर्थ सांगायच्या आत तिने सांगितला, आणि पुढे म्हणाली, "दे देते हैं सर. घर के ही लोग हैं. बात यहीं ख़तम हो जाएगी."

तिने फक्त पहिला भाग वाचला होता. बाकीची पानं तपासायला तिला अजून वेळ झाला नव्हता. तिसऱ्या भागात काय आहे हे तिला माहीत नव्हतं. त्या इमारतीत ते एकट्या मला माहीत होतं.

मी म्हटलं, "मॅडम, एक मिनिट बाहेर येता?"

"इथेच बोला की. आता लपवायचं काय राहिलंय?"

मराठी त्याला येत होतं. हिंदी येत होतं. इंग्रजीचा तर तो रोज अभ्यास करत होता. त्या खोलीत अशी एकही भाषा नव्हती जी तिला कळेल आणि त्याला कळणार नाही. मी पुन्हा म्हटलं, "प्लीज. महत्त्वाचं आहे." माझा आवाज विनवणीचा झाला होता, आणि तो तिला आवडला, हे मला तिच्या तोंडावर दिसलं.

"जाऊन सीडी करून आणा," ती म्हणाली. "आणि पानांची प्रिंट. चारही भाग."

मी वर गेले. माझ्या टेबलापाशी बसले. बाजूची मुलगी म्हणाली, "क्या हुआ यार, रो क्यों रही है?" मी रडत होते ते मला माहीत नव्हतं. मी व्हिडिओचे चारही तुकडे आणि त्यांच्या वेव्ह फाइली पुसल्या. टाइप केलेली पानं पुसली. सगळ्यांच्या सामाईक फोल्डरमधून पुसली, कचऱ्याच्या डब्यातूनही काढली. संस्थेची डिस्क कपाटात होती. ती पर्समध्ये टाकली आणि वरून रुमाल ठेवला. संस्थेकडे मूळ व्हिडिओ होते, त्यांचं काही जाणार नव्हतं. जाणार होतं ते फक्त माझं काम.

खाली येऊन म्हटलं, "नाहीत. मी सगळं पुसून टाकलं."

मॅनेजरने दोन्ही हात कपाळाला लावले. ती उभी राहिली. "क्लायंटचं काम पुसलं तुम्ही? कोणाला विचारून?"

"तुम्हाला विचारून काय होतं ते बघितलं ना."

मुलगा माझ्याकडे पाहत होता. त्याला कळलं होतं. मी पुसलं याचा अर्थ पुसण्यासारखं काही होतं. माझी ही चूक मला तिथेच कळली. मी म्हणायला हवं होतं की पुढच्या भागांत नुसत्या पिकापाण्याच्या गोष्टी आहेत. खोटं सुचायला शांत डोकं लागतं. तो म्हणाला, "तुमच्या घरच्या बाईनं असं केलं असतं म्हणजे?" आणि ग्लासातलं कोल्ड ड्रिंक तसंच ठेवून निघून गेला. चौकीत तो कधीच गेला नाही. गेला असता तर घरची अब्रू तिथेही सांगावी लागली असती.

माझा राजीनामा संध्याकाळच्या आत घेतला. मॅनेजर म्हणाला, "मैडम, आप समझो, मेरी भी मजबूरी है." मी समजून घेतलं नाही. माझं पेडल, हेडफोन, लॉकरची चावी जमा करून घेतली. ती तिच्या टेबलापाशी बसून फोनवर बोलत होती. तिने वर पाहिलं नाही. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले तरी नाही.

रस्त्यावर येऊन मी संस्थेच्या कार्यकर्तीला फोन लावला. व्हिडिओत कॅमेऱ्यामागून बोलणारी तीच. तिचा नंबर कामाच्या कागदावर असायचा, मी तो लिहून आणला होता. मागे डंपर जात होते, एका कानावर हात ठेवून मी ओरडून सांगितलं की काय झालंय, त्या बाईच्या पुतण्याने पहिला भाग ऐकलाय, आज ना उद्या घरी फोन करेल, पोरीला लवकर हलवा.

 मग ती म्हणाली, "साइटवर कुणी टाकलं?"

"मी."

"का?"

"मला सांगितलं होतं टाकायला."

"तुम्ही शिकलेल्या ना? विहिरीत उडी मारायला सांगितलं असतं तर?"

"मी पुढचे भाग दिले नाहीत," मी म्हटलं. "त्यापायी माझी नोकरी गेली."

"मग? हार घालू का?" ती म्हणाली. "तिची काय अवस्था होणार आहे ते माहितीये का तुम्हाला?" आणि फोन ठेवला.

मी तिथेच एका भिंतीला टेकून उभी राहिले. मला तिचा इतका राग आला की शेअर ऑटोवाला थांबला तरी मला बसता आलं नाही. मग घरी गेले. नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण ते बॉक्स आधी नीट वाचायला नको होतं का?" त्या आठवड्यात मी त्याच्याशीही फार बोलले नाही.

डिस्क मी दुसऱ्या दिवशी संस्थेला परत पाठवली. साइटवाल्यांना रोज पत्र लिहीत राहिले, आता स्वतःच्या ईमेलवरून. आर्जव करून, धमकी देऊन, खोटं खोटं वकिलाचं नाव घालून. एक दिवस पाहिलं तर फाइल नव्हती. त्यांनी काढली की आपोआप गेली, कळलं नाही.

दिवाळीच्या सुमाराला मी कार्यकर्तीला पुन्हा फोन केला. उचलणार नाही असं वाटत होतं. तिने उचलला. आवाज ओळखला आणि म्हणाली, "बोला." मी विचारलं, त्या मावशी कशा आहेत. तिने एक उसासा टाकला आणि हिशेब चुकता केल्यासारखं सांगून टाकलं. पुतण्याने त्याच रात्री घरी फोन केला होता. दिराने त्या बाईला घराबाहेर काढलं. ती ओट्यावर बसून राहिली. मग संस्थेच्या गटातल्या बायका जाऊन तिच्या शेजारी बसल्या, गाव गोळा झालं, पंच आले, आणि दिराला मागची खोली आणि नवऱ्याच्या वाट्याचं रान सोडावं लागलं. आता तिची चूल वेगळी होती.

"आणि मुलगी?"

"तुमचा फोन आला त्या दिवशीच हलवली. आहे तिथे ठीक आहे."

"कुठे असते?"

"ते तुम्हाला कशाला सांगू?" ती म्हणाली. यावेळी तिने फोन आपटला नाही. मी ठेवेपर्यंत धरून राहिली.

मला दुसरी नोकरी मिळायला बराच काळ गेला. मिळाली ती शाळेत, लायब्ररीत. पगार कमी. आणि ती टीम लीडर चढत गेली, हे मला जुन्या ऑफिसातल्या मुलींकडून कळायचं. आधी मॅनेजर झाली, मग गुडगावला मोठ्या कंपनीत गेली. दिल्लीतल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांची निवेदनंही करायला लागली. तिचं मराठी चांगलं, यात शंकाच नाही.

काही वर्षांनी संक्रांतीला आम्ही मंडळाच्या बसने पानिपतला गेलो. त्या दिवशी तिथल्या काला अंबच्या युद्धस्मारकापाशी मराठी माणसं जमतात, आम्हीही अधूनमधून जातो. धुकं इतकं होतं की स्मारकापुढचा माणूससुद्धा पुसट दिसत होता. भाषणं झाली, घोषणा झाल्या. चहाच्या रांगेत उभी होते तर समोर ती. अंगावर उंची शाल, हातात स्टीलचा डबा. रांगेतल्या एकेकाला तिळगूळ देत येत होती. माझ्यापाशी आली आणि थांबली. ओळखलं तिने. पण चेहरा बदलला नाही.

"अरे, तुम्ही! किती दिवसांनी," ती म्हणाली. डबा पुढे केला. "तिळगूळ घ्या, गोड बोला."

मागे माणसं उभी होती. नवरा बाजूला होता, त्याने हात पुढे करून घेतलासुद्धा.

मी म्हटलं, "नको."

"अहो, सणाचं नाही म्हणू नये. झालं गेलं..."

"काय झालं होतं?" मी विचारलं. "सांगा ना. आठवतंय का आता?"

तिचा हात तसाच राहिला. पुढे उभी असलेली एक आजी वळून बघायला लागली. तिने डब्याचं झाकण लावलं, माझ्या मागच्या माणसाला द्यायचं होतं म्हणून पुन्हा उघडलं, आणि पुढे गेली.

नवऱ्याने तोंडातला तिळगूळ चावत विचारलं, "कोण होत्या?"

मी सांगितलं. त्याने चघळणं थांबवलं. मग चहा आला, आणि आम्ही कप घेऊन बसकडे निघालो.